माघारी फिरलेली मेंढरं

“हे लोक चुकून आलेत का? लग्न पलीकडच्या कार्यालयात आहे ना?”

बोलणाऱ्या बाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या. त्यांनी आवाज खाली आणला होता आणि बोलण्यात काही वाईट नव्हतं. त्यांना खरंच काळजी वाटली असावी की या लोकांचं लग्न चुकेल. “हे लोक” म्हणजे माझे आबा आणि आत्या. सांगलीतल्या त्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर आबा वाकून चपला काढत होते. सभागृहाच्या दाराशी चपला काढणारे ते एकटेच होते. डोक्याला फेटा, खांद्यावर घडी घातलेली घोंगडी. मागे त्यांची मुलगी, म्हणजे माझी आत्या, हातात भाकऱ्यांची पिशवी घेऊन उभी. पिक्चर किती वेळ चालेल ते कुणाला ठाऊक, म्हणून तिनं सकाळीच सहा भाकऱ्या थापून घेतल्या होत्या. पप्पा गाडी लावायला जागा शोधत होते.

हे माझ्याबरोबर आहेत, एवढंच मला म्हणायचं होतं. मी फोनमध्ये बघायला लागले. फोनवर काहीच नव्हतं.

त्या बाई मला चेहऱ्यानं ओळखत होत्या. दीड वर्ष मी त्या फिल्म सोसायटीत जात होते. महिन्यातून एका रविवारी, सकाळी दहाला. शेवटून दुसऱ्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची माझी. चित्रपट संपला की चर्चा असते आणि चर्चा सुरू झाली की मी पिशवी उचलते, असा माझा नेम होता. तिथे सगळे फार सुंदर मराठी बोलतात. वाक्य सुरू करतात आणि ते शेवटापर्यंत नेतात. माझी शाळा साताऱ्यातली, इंग्रजी माध्यमाची. पप्पा फौजेत होते, त्यांना मुलगी फाडफाड इंग्रजी बोलणारी हवी होती. इंग्रजी आलं, पण फाडफाड बोलणं कुठल्याच भाषेत आलं नाही. सुट्टीत आटपाडीच्या पुढे आमच्या गावी गेले की भावंडं “मॅडम आल्या” म्हणायची. मी “मला पाणी हवं आहे” म्हटलं, की तेच वाक्य माझ्या सुरात दिवसभर ऐकू यायचं. गावात माझं मराठी पुस्तकी होतं आणि सांगलीत कच्चं. मिरजेच्या एका इस्पितळात मी डॉक्टरांचे आवाज ऐकून त्यांचे रिपोर्ट टाइप करते. कानात दुसऱ्याचा आवाज, तोंड बंद. मला ते काम आवडतं.

तर महिन्याभरापूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर सचिवांचा मेसेज आला. एक जुना, फारसा कुणी न पाहिलेला चित्रपट येणार होता. तो कधी थिएटरला लागलाच नव्हता. त्याची एकच प्रत कुठल्याशा गोदामात सापडली, ती दुरुस्त केली, आणि आता ती मोजक्या गावांत दाखवत होते. सांगलीला एवढ्यासाठी की त्याचं चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात झालं होतं. ‘स्वप्नासारखा चित्रपट आहे, कथा शोधू नये,’ असं सचिवांनी लिहिलं होतं. खाली एक फोटो होता. उघड्या माळावर एक दार उभं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं चौकटीसकट दार. त्याच्यासमोर मेंढ्यांचा कळप.

तो फोटो बघून मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आमच्या घरात या दाराची गोष्ट निघाली नाही असं एकही लग्न झालेलं नाही. जेवणं झाली, माणसं सैलावली की कुणीतरी विचारतंच, “आवं आबा, तुमचा पिक्चर कवा लागतोय?” आणि मांडव हसतो.

आबा म्हणजे पप्पांचे चुलते. पप्पांचे वडील लवकर गेले, त्यामुळे मला आजोबा म्हणून हेच माहीत. तरणे होते तेव्हा मेंढरं राखायचे. त्या काळी पुण्यामुंबईची काही माणसं कॅमेरा घेऊन माळावर उतरली. दहा-पंधरा दिवस राहिली. त्यांना कळप हवा होता, तो आबांनी दिला. माळावर दार उभं करून त्यातून मेंढरं न्यायची होती. शेवटच्या दिवशी मेंढरं दारापर्यंत गेली आणि माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसं सामान भरून निघून गेली, दार तिथंच सोडून. पिक्चर काही कधी लागला नाही. आबांच्या मेंढरांनी पिक्चर पाडला, असं मग गावात ठरलं. पन्नासेक वर्षं झाली, ते तसंच ठरलेलं आहे. आबा त्यावर कधी काही बोलत नाहीत. लोक हसले की तेही तोंड थोडं हसल्यासारखं करतात आणि सुपारी शोधायला लागतात.

मी पुढच्याच रविवारी एसटीनं गावी गेले. आबा लिंबाखाली बसून दोरी वळत होते. फोनवरचा फोटो मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “म्होरची ती भुंडी. पायानं लंगडायची जरा.”

मला वाटलं होतं ते दाराबद्दल काही म्हणतील.

“सांगलीत दाखवणार आहेत, आबा. आपण जाऊ.”

“मी कशाला.”

“तुमची मेंढरं आहेत त्यात.”

“म्हून तर.”

ते पुन्हा दोरी वळायला लागले. आत्या आतून ऐकत होती, ती बाहेर आली. “जावा की. एवढी लांबनं पोरगी बोलवाय आलीया. न्हाईतर सगळ्या जल्माचं ते तसंच ऱ्हातंय, पिक्चर पाडला, पिक्चर पाडला.”

“पाडलाच की,” आबा म्हणाले. एवढं स्पष्ट त्यांनी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग दोरीकडे बघतच त्यांनी मला विचारलं, “मेंढरं माघारी फिरली ती बी दावत्यात का त्यात?”

“मला माहीत नाही.”

“दावत असतील तर लोक म्हणतील, कुणाची रं ही मेंढरं. कसला ह्यो मेंढका.”

मला खरंच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी इंटरनेटवर जेवढं सापडलं तेवढं वाचलं होतं, पण सगळं ऐकीव. ज्यांनी कुणी लिहिलं होतं त्यांनीही चित्रपट पाहिलेला नव्हता. हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “तू असशील न्हवं संगट?”

“हो.”

“मग येतो.”

परतताना एसटीत मला भीती वाटायला लागली. पप्पांना साताऱ्याला फोन केला तर ते म्हणाले, “तू त्यांना कशाला उकरून काढलंस? गप झालेलं आहे ते.” तरी चित्रपटाच्या रविवारी पहाटे निघून गावाहून त्या दोघांना घेऊन सांगलीला आले तेच.

सभागृहात मी आबांना माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात नेऊ लागले. ते म्हणाले, “मला हितनं दिसायचं न्हाई.” मग आम्ही तिसऱ्या रांगेत, बरोबर मध्ये बसलो. दीड वर्षात मी त्या सभागृहाचा पुढचा भाग पाहिलेला नव्हता. मागच्या बाजूला खुर्च्या भरत होत्या, आणि माझ्या मानेला मागची प्रत्येक कुजबुज जाणवत होती.

पुण्याहून एक अभ्यासक आले होते. या दिग्दर्शकावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. दिग्दर्शक आता हयात नाहीत, पण त्यांची टिपणं यांच्याकडे आहेत, असं सचिव म्हणाले. अभ्यासक थोडंच बोलले. अर्थ लावू नका, समोर येईल ते येऊ द्या, असं म्हणाले आणि दिवे गेले.

चित्रपट काळा-पांढरा होता. सुरुवातीला एका कापणी झालेल्या शेतात धाटांच्या जागी कंदील उगवलेले होते आणि बायका विळ्यानं ते कापत होत्या. मग एक बाई सुपातून धूर उफणत होती. एक पोस्टमन कोरड्या विहिरीत एकेक पत्र टाकायचा आणि कान लावून पाण्याचा आवाज यायची वाट बघायचा. सभागृह अगदी शांत होतं. मला ते फार आवडत होतं आणि त्याच वेळी मला घाम फुटत होता, कारण माझ्या शेजारी आबा बोलत होते.

“राख हाय ती,” ते म्हणाले. “सुपात राख घातली हुती. वारं सुटोस्तवर बसवलं हुतं तिला.”

“शूः,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कुणाची ओ ती?” आत्यानं विचारलं.

“वरच्या आळीतली. गेली की ती. लय दिस झाले.”

“शूः.”

मी आबांच्या हातावर हात ठेवला. ते थोडा वेळ थांबले. पण पडद्यावर त्यांचा माळ होता, त्यांची बाभळ होती, ज्यांना पुरून आलो अशी माणसं चालत होती. ते तरी किती थांबणार. एक म्हातारा जमिनीत पुरलेलं घड्याळ ऐकायला आडवा झाला तेव्हा आबा जवळजवळ आनंदानं म्हणाले, “ह्यो बहिरा हुता.” या वेळी मागून शूः आलं नाही. कुणीतरी हसू दाबलं.

मग ते दार आलं. आत्या पुढे सरकली.

“आवं,” ती म्हणाली, आणि तिला हळू बोलता येत नाही, “हे तर आपल्या गोठ्याचं दार.”

तीन-चार रांगा हसल्या. मी पडद्याकडेच बघत राहिले. पण ते खरंच आमच्या गोठ्याचं दार होतं. माळावर वर्षभर पडून राहिल्यावर कुणीतरी ते आणून बसवलं होतं. खालच्या फळीला गाठ आहे, तिच्यात मी लहानपणी बोट घालून बसायचे. ती गाठ पडद्यावर माझ्या डोक्याएवढी होती.

दारात एक बाई उभी होती. चित्रपटभर तीच होती, कधी विहिरीत खुर्ची टाकून बसलेली, कधी कंदिलाच्या शेतात. आता ती नववधूसारखी सजून उंबऱ्याच्या आत उभी होती. आत म्हणजे कुठे, तर तिच्या मागेही माळच होता. ऊन तिरपं झालेलं. लांबून कळप येत होता.

आबांचा हात माझ्या हाताखालून निघून गेला. त्यांनी घोंगडी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसले.

कॅमेरा हलतच नव्हता. कळप हळूहळू मोठा होत गेला. खुरांचा आवाज, घंटीचा आवाज. पुढे ती भुंडी, थोडी लंगडत. बाईनं हात पुढे केला. भुंडी उंबऱ्याशी आली. तिनं मान आत घातली.

आणि त्याच वेळी कुठूनतरी लांबून रडल्याचा आवाज आला. अगदी बारीक, अनेक आवाज एकमेकांत मिसळलेले. मला पहिल्यांदा लहान मुलं वाटली. सभागृहात लोक खुर्च्यांत हलले.

“कोकरं,” आबा म्हणाले. या वेळी ते कुणालाच सांगत नव्हते.

भुंडीचे कान हलले. तिनं मान बाहेर काढली. क्षणभर ती तशीच उभी राहिली, आणि तिच्यामागे सगळा कळप उभा राहिला. मग ती वळली. तिच्यामागची वळली, त्यामागच्या वळल्या. दोनशे मेंढरं त्या दाराला वळसासुद्धा न घालता, आली त्या दिशेनं निघून गेली. धूळ उठली. धुळीत बाईचा पुढे केलेला हात तसाच होता.

मी आबांकडे बघितलं नाही. आता शिव्या ऐकू येतील, कुणीतरी ओरडेल, चित्र तुटेल, असं मला वाटत होतं, आणि मला वाटतं त्यांनाही तेच वाटत होतं. पण चित्र तुटलं नाही. कॅमेरा तिथेच राहिला. धूळ बसत गेली. बाईनं हात खाली घेतला. तिनं मागे वळून त्या दाराच्या आतल्या माळाकडे पाहिलं, मग समोर. मग तिनं उंबरा ओलांडला. लुगड्याचा घोळ उचलून धरला आणि ती मेंढरांच्या मागे चालायला लागली. आधी हळू, मग भराभर. शेवटी जवळजवळ पळत. ती लहान होत होत धुळीत गेली. दार रिकामं उभं राहिलं. रडण्याचा आवाज एकेक करून थांबत गेला, आणि सगळा थांबला तेव्हा पडदा पांढरा झाला.

बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही. दिवे लागले तेव्हा सकाळी पायऱ्यांवर भेटलेल्या त्या बाई दोन खुर्च्या पलीकडेच चष्मा पुसत होत्या. मग टाळ्या सुरू झाल्या. मागून सुरू झाल्या आणि पुढे येत गेल्या. माणसं उभी राहिली. त्या सभागृहात कुठल्याच चित्रपटाला लोक उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. पप्पा उभे राहिले, आत्या पिशवी सांभाळत उभी राहिली, मी उभी राहिले. आबा बसून होते.

“संपला?” त्यांनी विचारलं.

“संपला.”

“म्हंजे झाला व्हय पिक्चर?”

“हो आबा. झाला.”

ते काहीतरी पुटपुटले. टाळ्या थांबल्यावर मी खाली बसले तेव्हा ते म्हणत होते, “ती आली हुती गं. मेंढरांच्या वाड्यावर, कोकरांच्या जाळीपाशी. मेंढरं गेली तशी मागनं ती बाई आली. नटलेली, आनवाणी. मला वाटलं बोल लावाय आली. मी मान वर केली न्हाई. कोकरं पाजून हुईस्तवर ती तिथं बसली हुती. मग पाणी मागितलं, प्याली, गेली.” त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. “त्यातच हुतं व्हय ते. मला काय म्हाईत.”

चर्चा सुरू झाली होती. माझी पिशवी उचलायची वेळ कधीच टळून गेली होती. अभ्यासक माइक घेऊन त्या शेवटच्या दृश्याबद्दलच बोलत होते. मी एवढी वर्षं याच दृश्यासाठी थांबलो होतो, असं ते म्हणाले. दिग्दर्शकाच्या टिपणात याबद्दल एकच ओळ आहे, ‘कळप दारातून जातो.’ आणि प्रत्यक्षात बघा काय केलंय. दोनशे जनावरांचं इतकं अचूक नियंत्रण. तो बालकांच्या रडण्याचा भास. सगळा चित्रपट ज्या घराकडे चाललेला आहे ते घर मुकी जनावरं नाकारतात आणि तिला वाट दाखवतात. हे एखाद्या मोठ्या प्रतिभेलाच सुचू शकतं.

आबांनी माझ्या ओढणीचं टोक ओढलं. “काय म्हणतोय त्यो? बोल लावतोय?”

“नाही. कौतुक करतायत.”

“कशाचं?”

“मेंढरं माघारी फिरली त्याचं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी चेष्टा करतेय का ते त्यांना बघायचं होतं. पप्पा पलीकडून वाकले. “खरंच, आबा. तेच सगळ्यात भारी आहे म्हणतायत.” मांडवात “पिक्चर कवा लागतोय” विचारणाऱ्यांत तेही असायचे.

“कुणाचं कौतुक म्हणतोय?” आबांनी विचारलं.

“डायरेक्टरचं,” मी म्हटलं. “त्यांनी तसं करून घेतलं म्हणतात.”

आबा थोडा वेळ घोंगडीची दशी चाळवत राहिले. मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

“एक सांगू का तुला. कुणाला बोललेलो न्हाई. त्या दिशी ऊन तिरपं व्हायाची वाट बघत मेंढरं थांबवून ठिवली हुती. कोकरांची पाजायची येळ टळली. दुपार धरनं वरडत हुती, कोंडल्याली जाळीत. वारं इकडचं सुटलं तसा आवाज आला अन् भुंडी थांबली. त्यो डायरेक्टर मला हात करून सांगाय लागला, हाक दे, हाक दे. मी दाराच्या बाजूला दगडामागं हुतो. म्या एक हाक दिली असती तर ती गपगुमान दारातनं गेली असती. माझ्या हाकंला कवा न्हाई म्हणायची न्हाईत ती.” त्यांनी मान हलवली. “न्हाई दिली. तोंड उघडलं हुतं, मिटलं.”

पन्नास वर्षं मांडवातले लोक मेंढरांना हसत होते आणि हे सुपारी शोधत होते. मेंढरांनी ऐकलं नाही, हे त्यांना एवढं लागत नव्हतं. हाक आपणच दिली नाही, हे लागत होतं.

“सांगा ना त्यांना,” मी म्हटलं.

“मला त्याची भाषा येत न्हाई, बाय.”

“मलापण नाही येत.”

“तुला येतीया की. तू सायबाच्या शाळंतली.”

आत्या म्हणाली, “आगं सांग की. न्हाईतर घरला जाऊन आमालाच सांगत बसशील.” मला हसू आलं. मी घरी जाऊन कुणालाच काही सांगत बसत नाही, हे तिलाही माहीत आहे.

पुढे अभ्यासक कागद गोळा करत होते. सचिव म्हणाले, “वेळ झालेली आहे. एखादा शेवटचा प्रश्न?”

मी हात वर केला. सचिवांनी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या मागे बघितलं, तिथे आणखी कुणी आहे का ते. माइक रांगेतून हातोहात माझ्यापर्यंत आला. मी उभी राहिले. ‘सर, ॲक्च्युअली’ एवढं म्हटलं आणि वाक्य तिथेच संपलं. माइकमधून माझा श्वास सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता. कुणी हललं नाही. मी पुन्हा सुरुवात केली. ते रडणं मुलांचं नाही, असं म्हटलं. ती कोकरं होती, त्यांची दूध प्यायची वेळ टळून गेली होती. त्यांना कोंडलेली जाळी वाऱ्याच्या बाजूला होती.

अभ्यासक वाकून ऐकत होते. “हे फार महत्त्वाचं आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं. “माझ्या वाचनात हे कुठेही आलेलं नाही. तुम्ही कुठे वाचलंत?”

“वाचलं नाही.”

“मग?”

मी खाली बघितलं. आबा फेटा सारखा करत होते. त्यांनी एक हात माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हातानं पुढच्या खुर्चीची पाठ धरून ते उठायला लागले. पप्पांनी दुसऱ्या बाजूनं आधार दिला. तिसऱ्या रांगेतले सगळे आमच्याकडे वळले. ते पुरते उभे राहीपर्यंत मी थांबले. कुठल्या मराठीत बोलायचं ते ठरवायची माझी वेळ निघून गेली होती. जे आलं ते आलं.

“सर, हे माझे आबा आहेत. ती मेंढरं यांची. डायरेक्टर सांगत होते हाक दे म्हणून, आणि यांनी एक हाक दिली असती तर मेंढरं त्या दारातून गेली असती. कोकरं उपाशी होती. म्हणून यांनी हाक दिली नाही.”